चादरीचं दुसरं टोक

आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, पाळकसाहेबांचा आवाज गेला तेव्हा, खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की चला, आता रविवारी लवकर सुटका होईल. देव मला माफ करो. पण तुम्ही त्यांचा उपदेश ऐकला असता तर तुम्हीही मला माफ केलं असतं. माणूस सोन्यासारखा, पण व्यासपीठावर चढला की त्याला काय व्हायचं कुणास ठाऊक. एका मुद्द्यावरून निघायचे, दुसऱ्यावर पोचायच्या आधीच तिसऱ्याकडे वळायचे, मध्येच चष्मा शोधायचे, आणि तो कपाळावर असायचा. चौदा वर्षांत मी देवळाच्या छताचे वासे इतक्या वेळा मोजले होते की एखादा चोरीला गेला असता तर सगळ्यात आधी मला कळलं असतं.

घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठीबरोबर स्वरयंत्रही काढलं. आता त्यांच्या गळ्याच्या खालच्या बाजूला एक भोक आहे, श्वास तिथूनच चालतो, आणि त्यावर ते पांढरा सुती रुमाल बांधतात. बोलायचं असलं की खिशातून छोटी वही काढून लिहितात. पण त्यांचं अक्षर म्हणजे निव्वळ कोंबडीचे पाय. त्यामुळे वहीचा उपयोग बेताचाच.

आता तुम्ही म्हणाल, आजारी माणूस, त्याला सांभाळून घ्यायचं, संपलं. आम्हीही तेच म्हणालो. पण आमच्या मंडळीची एक नियमावली आहे, पिवळी पडलेली, आणि तिच्यात एक कलम आहे. पाळकाने सलग बारा रविवार स्वतः उपदेश दिला नाही, तर त्याचं पद रिकामं समजावं. पूर्वी म्हणे एक पाळक महिनोन्‌महिने गावाला जाऊन बसायचे, त्यांच्यासाठी केलेलं कलम. पन्नास वर्षांत कुणी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. ते शोधून काढलं माझ्या सख्ख्या मोठ्या भावाने.

दादा पस्तीस वर्षं हेडमास्तर होता. निवृत्त झाला तसा मंडळीच्या पंचांचा अध्यक्ष झाला, म्हणजे शाळा बदलली एवढंच. आम्ही बाकावर बसणारे तेच राहिलो. वाईट माणूस नाही तो. पण नियम म्हटला की त्याच्या पाठीचा कणा आपोआप ताठ होतो.

मी इस्पितळाच्या धुलाईघरात काम करते. तीस वर्षं झाली. रोज सहाशे-सातशे चादरी येतात, त्यांच्यावर माणसांचं जे काही सांडतं ते सगळं घेऊन येतात, आणि आमच्याकडून पांढऱ्या होऊन जातात. यंत्रं धुतात, यंत्रं पिळतात, वाळवतात, रोलर इस्त्री करतो. पण घडी घालायचं यंत्र आमच्याकडे अजून नाही. घडी दोन माणसांनीच घालायची. चार कोपरे, चार हात. झटकायची, ताणायची, लांबीत दोनदा दुमडायची आणि मग एकमेकांकडे चालत यायचं. समोरच्याचे कोपरे मी हातात घ्यायचे, त्याने वाकून खाली लोंबणारी दुमड उचलायची आणि परत मागे जायचं. असं तीनदा. एका चादरीत तीन वेळा समोरासमोर यायचं.

पाळकसाहेब दर मंगळवारी सकाळी दहाला धुलाईघरात यायचे. प्रार्थना घ्यायला नव्हे. बाह्या वर करून चादरीचं दुसरं टोक धरायला. आमच्यात जिची जोडीदारीण रजेवर असेल तिच्यासमोर जाऊन उभे राहायचे. बुधवारी बस डेपोच्या दुरुस्तीखात्यात, गुरुवारी घरोघरी, शुक्रवारी इस्पितळाच्या वॉर्डांत. रविवारी व्यासपीठावर अडखळणारा हा माणूस मंगळवारी एकदाही अडखळायचा नाही.

माझा नवरा गेला त्या वर्षी माझी जोडीदारीण बाळंतपणाच्या रजेवर होती, म्हणून पाळकसाहेब माझ्या वाट्याला आले. पहिल्या मंगळवारी मी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या मंगळवारी कोपरे घेता घेता म्हणाले, "बाई, कशा आहात?" मी मागे गेले, पुढे आले आणि म्हणाले, "मी प्रार्थना करत नाही आता." परत मागे. परत पुढे. "रविवारी नुसते ओठ हलवते." मला वाटलं, आता शास्त्रातलं काहीतरी ऐकवतील. चादर संपली. दुसरी घेतली, झटकली, ताणली, चालत आले, आणि हळूच म्हणाले, "मीही कधी कधी."

परत समोर आल्यावर म्हणाले, "सध्या एवढंच करा बाई. घडी नीट घाला. सुरकुती राहिली तर अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखम होते. तेवढी होऊ देऊ नका. प्रार्थना नंतर येईल तेव्हा येईल."

त्या दिवसापासून माझ्या हातून एक चादर सुरकुतलेली गेलेली नाही. प्रार्थना यायला दोन वर्षं लागली. आली ती पण चादर झटकतानाच आली, देवळात नाही. म्हणून मला कुणी सांगू नये की पाळकाचं काम काय असतं.

*

आता टेबलावरच्या कापडाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे.

देवळात प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि प्याल्याच्या, टेबलावर एक लांब पांढरं कापड असतं. ते धुण्याचं काम माझ्याकडे. घरच्या इस्त्रीने एवढं लांब कापड सरळ होत नाही, म्हणून मी ते धुलाईघरात नेते. दीड वर्षापूर्वी मी नेलं आणि नेमक्या त्याच दिवशी कोऱ्या चादरींचा गठ्ठा शिक्के मारायला आला. न पुसणारी निळी शाई, एकेका कोपऱ्यावर एकेक ठोका. शंभर चादरी. हात चालतो, डोकं दुसरीकडे असतं. ते कापडही त्याच ढिगात मिसळलं होतं. मी दिला ठोका. उचलून पाहिलं तर प्रभूच्या टेबलाच्या कापडावर, कोपऱ्यात, तळहाताएवढ्या अक्षरांत: वॉर्ड ४.

ब्लीच लावलं, लिंबू लावलं, अख्खा दिवस घासलं. ती शाई इस्पितळाने पारखून घेतलेली, जाते कुठली! रविवारी तोंड लपवत कापड घेऊन गेले. पाळकसाहेबांनी तो शिक्का पाहिला आणि इतके हसले की चष्मा खरोखरच नाकावर आला. "राहू द्या बाई," म्हणाले, "या टेबलाचा पत्ता तोच आहे."

दादाला मात्र ते खपलं नाही. नवं कापड आणा म्हणाला. पाळकसाहेबांनी नाही म्हटलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा ते दादाला सरळ नाही म्हणाले. मग दादाने दुसरा उपाय काढला. दर रविवारी पाऊण तास आधी यायचा, आणि शिक्क्याचा तो कोपरा टेबलावर दुमडून त्यावर फुलदाणी ठेवायचा. बरोबर शिक्क्यावर. जरा कुणी सरकवली की उठून परत जागेवर. मी घरी येऊन हसायचे. म्हणायचे, याची शिस्त याच्याबरोबरच जाणार.

*

अकरा रविवार झाले. दर रविवारी बाहेरून एक तरुण उपदेशक यायचा. त्याला आम्ही बायका आपापसांत भोंगा म्हणायचो. आवाज असा की मागच्या भिंतीला ध्वनिक्षेपकाची गरज नाही. बोलायचाही मुद्देसूद, मला एकही वासा मोजावा लागला नाही. पण एकाच सकाळी त्याने मला दारात मावशी म्हटलं आणि परत जाताना आजी. अकरा रविवारांत त्याने आमच्यातल्या एकाचंही नाव विचारलं नाही. बारावा रविवार गेला की पाळकाच्या जागी तोच येणार, असं पंचांचं ठरत आलं होतं. पाळकसाहेबांना देवळामागचं घर महिन्याभरात सोडावं लागणार. बायको नाही, मूल नाही. जायचे कुठे? आणि त्याहून मोठं म्हणजे मंगळवारचं काय?

अकराव्या रविवारी संध्याकाळी मी दादाच्या घरी गेले. वहिनी जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्या खुर्चीवर दादाने जुन्या वर्तमानपत्रांची चळत रचून ठेवली होती, अशी की कुणाला तिथे बसताच येऊ नये. मी उभीच राहिले.

"दादा, तो माणूस आजारी होता. भटकायला गेला नव्हता."

"कलमात आजाराचा उल्लेख नाही."

"मग घाल ना उल्लेख. पेन आहे की तुझ्याकडे."

"अगं बयो, नियम असे आपल्या सोयीने वाकवायला लागलो तर मंडळी राहील का?" दादा चष्मा पुसत म्हणाला. "मला त्यांच्याबद्दल आकस नाही. पण पाळकाचं काम काय? उपदेश करणं. जो बोलू शकत नाही तो उपदेश कसा करणार? चादरीच्या घड्या काय, कुणीही घालेल."

"कुणीही? मग येत्या मंगळवारी तू ये."

"मी हेडमास्तर होतो."

"आणि ते पाळक आहेत! तरी येतात!"

मी विचारलं, "दर गुरुवारी तुझ्याकडे येतात ना रे ते? ऑपरेशनच्या आधी तर एक गुरुवार चुकला नाही. काय बोलायचात?"

"देवळाच्या छताबद्दल. गळती आहे."

"दोन वर्षं? एका गळतीबद्दल?"

"मोठी गळती आहे," दादा म्हणाला आणि वर्तमानपत्र उघडून बसला. कालचं होतं.

मी दार जरा जोरातच ओढून घेतलं. लोकांसमोर आमची भांडणं लपवायचा काळ गेला. त्याला ऐकू दे, त्याच्या शेजाऱ्यांना ऐकू दे.

*

मंगळवारी पाळकसाहेब आले. ऑपरेशननंतर पाचव्या आठवड्यापासूनच परत यायला लागले होते. धुलाईघरात वाफ असते, कापसाची तुसं उडतात, गळ्याला भोक असलेल्या माणसाने तिथे पाऊलही टाकू नये. ते दुहेरी रुमाल बांधून यायचे. बोलणं नाही. पण बायका त्यांच्यासमोर पूर्वीपेक्षा जास्त बोलायच्या. इस्त्रीच्या रोलरवरची बाई, जिने नऊ वर्षांत कुणाला आपल्या घरचं काही सांगितलं नव्हतं, तिने एका सकाळी सतरा चादरींत सगळं सांगून टाकलं आणि वर म्हणाली, "बरं झालं साहेब, तुम्हाला मध्ये बोलता येत नाही." ते नुसते खांदे हलवून हसले.

त्या मंगळवारी घड्या झाल्यावर त्यांनी माझ्या हातात एक बंद लिफाफा दिला. वर दादाचं नाव. वहीत लिहिलं, मी दोन मिनिटं लावून वाचलं: "रविवारच्या आधी द्या. राजीनामा. मंडळीत भांडण नको."

माझं डोकंच फिरलं. मी तो लिफाफा अंगातल्या कामाच्या कोटाच्या खिशात घातला. कोट काढला. आणि चालत जाऊन तो नव्वद अंशांच्या पाण्याच्या यंत्रात टाकून झाकण लावलं.

आमच्या कामाचा पहिला नियम काय, ते धुलाईघरातल्या कुणालाही विचारा. खिसे तपासल्याशिवाय कपडा टाकायचा नाही. तीस वर्षांत मी तो एकदाही मोडला नव्हता. त्या दिवशी सगळ्यांच्या देखत मोडला.

पाळकसाहेब धावत यंत्राजवळ आले. काचेमागे कोट गरगरत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात पसरले, म्हणजे हे काय?

"धुतेय," मी म्हणाले. "मळला होता."

त्यांनी वही काढली. मी त्यांचा हात धरून ती परत खिशात घालायला लावली. आणि मग मी बोलले. पाळकाशी कुणी बोलू नये असं बोलले, पण आज विचारलंत तर परत बोलेन.

"भांडण नको म्हणे! मंडळीत भांडण नको म्हणून तुम्ही निघून जाणार, आणि आम्ही काय करायचं? मला प्रार्थना येत नव्हती तेव्हा तुम्ही मला सोडून गेलात का? नाही. उभे राहिलात. टोक धरून उभे राहिलात. मला म्हणालात, सुरकुती राहू देऊ नका. आणि आता स्वतः चादर अर्ध्यात टाकून चाललात? मी सोडणार नाही तुम्हाला. दादाला काय करायचं ते करू दे. काढायचं तर त्याने काढावं, सगळ्यांसमोर, तोंडावर सांगून. तुम्ही त्याचं काम सोपं करून द्यायचं नाही!"

रोलर थांबला होता. सगळ्या बायका बघत होत्या. पाळकसाहेबांनी तरीही वही काढलीच. लिहिलं: "पण रविवारी करू काय?"

"मंगळवारी काय करता? तेच करा," मी म्हणाले. मला रागात सुचलं ते बोलून गेले. त्यामागे काही योजना नव्हती, शपथेवर सांगते.

तासाभराने कोट बाहेर काढला. खिशात कागदाचा एक पांढरा लगदा होता. मी तो त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांच्या गळ्यावरचा रुमाल फडफडायला लागला. मी घाबरले, मग लक्षात आलं, ते हसत होते.

*

बारावा रविवार. देऊळ भरलेलं. भोंगा पहिल्या रांगेत पाहुण्यासारखा बसला होता, कारण नियमाप्रमाणे हा शेवटचा रविवार पाळकाचा होता. त्याच्या शेजारी दादा, इस्त्रीच्या शर्टात. बाजूच्या छोट्या टेबलाशी पंचांचे चिटणीस उपासनेची नोंदवही उघडून बसलेले. त्या वहीत दर रविवारी गीतं कोणती, प्रार्थना कुणी केली, उपदेश कुणी दिला आणि विषय काय, हे सगळं लिहायचं असतं. मी चौथ्या रांगेत कडेला.

गीत झालं. प्रार्थना झाली. उपदेशाची वेळ आली. पाळकसाहेब व्यासपीठावर चढले. उभे राहिले. मुलं कुजबुजायची थांबली. मला वाटलं, हे आता तिथेच उभे राहणार, आणि सगळ्या मंडळीला त्यांची कीव येणार, आणि कीव आली की संपलं.

ते खाली उतरले. टेबलाजवळ गेले. पवित्र शास्त्र उचलून खुर्चीवर ठेवलं. मग फुलदाणी उचलली आणि तीही खाली ठेवली. दादा बसल्या जागी हलला. पाळकसाहेबांनी टेबलावरचं कापड काढलं, एकदा झटकलं आणि दोन कोपरे स्वतःकडे ठेवून दुसरे दोन समोर धरले. दादाच्या समोर.

दादा बसून राहिला. नजर सरळ भिंतीवर.

पाळकसाहेब हात पुढे करून तसेच उभे. मला राहवेना. मी उठले, टोक धरायला निघाले, तर त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. नाही. मी परत बसले. मिनिट गेलं असेल. तो माणूस तीन महिन्यांपूर्वी ऑपरेशनच्या टेबलावर होता. त्याचे हात भरून आले, कापड मध्ये झोल घेऊन खाली खाली यायला लागलं आणि जमिनीला टेकणार इतक्यात दादा ताडकन उठला. स्वच्छ कापड जमिनीला लागलेलं त्याला बघवत नाही. आयुष्यभर बघवलं नाही. त्याने कोपरे पकडले.

पकडले, पण पुढे काय करायचं ते त्याला कुठे ठाऊक! वहिनीने कधी काडी इकडची तिकडे करू दिली नव्हती. मी चौथ्या रांगेतून ओरडले, "दादा, उजवा हात वर! आता डाव्याला लाव!" दोन-चार जण हसले. दादाने केलं. लांबीत एक दुमड, दुसरी दुमड. पाळकसाहेबांनी मान हलवून बोलावलं, तसे दोघं एकमेकांकडे चालत आले.

पहिल्या वेळी पाळकसाहेबांनी आपले कोपरे त्याच्या हातात दिले, वाकून दुमड उचलली, मागे गेले. दादाने खाली आपल्या हातांकडे पाहिलं. शिक्का त्याच्याच मुठीत आला होता. वॉर्ड ४.

आणि तेव्हा मला कळलं. देवा रे, तेव्हा कळलं मला! वहिनी वॉर्ड चारमध्ये गेली. माझ्या सख्ख्या भावाची बायको, आणि मी रोज हे आकडे शेकड्याने छापते, म्हणून माझ्यासाठी चार हा नुसता चार उरला होता. दीड वर्ष तो ती फुलदाणी शिक्क्यावर ठेवत होता आणि मी तिला शिस्त समजून हसत होते.

दुसऱ्यांदा ते समोरासमोर आले. दादाचे ओठ हलले. तो हळू बोलला, पण हेडमास्तरचं हळू बोलणं शेवटच्या बाकापर्यंत जातं. "मी त्या दिवशी शाळेत गेलो. तपासणी होती. ती म्हणाली होती, जाऊ नका."

पाळकसाहेबांनी कोपरे दिले, दुमड उचलली, मागे गेले. आता घडी आखूड झाली होती, दोघांमध्ये तीन पावलांचं अंतर. तिसऱ्यांदा आले तेव्हा दादाने कोपरे घेतले नाहीत. त्याने त्यांची मनगटंच धरली.

"शेवटी तुम्ही होतात तिच्याजवळ. तुम्ही दर गुरुवारी येत होतात, आणि मी छताचं बोलत होतो. मला विचारायचं होतं, ती काय म्हणाली. माझी हिंमत झाली नाही. आता विचारतोय तर तुम्हाला आवाज नाही."

माझा भाऊ रडत होता. वहिनीच्या दफनाच्या दिवशी ज्याने आलेल्यांच्या खुर्च्या सरळ रांगेत लावल्या, तो माणूस सगळ्या मंडळीसमोर मोठ्याने रडत होता.

पाळकसाहेबांनी घडी त्याच्या काखेत दिली. खिशातून वही काढली. लिहिलं. फार नाही, दोन ओळी असतील. पान फाडून दादाला दिलं. मी मनात म्हटलं, आता आली का पंचाईत, ते अक्षर कोण वाचणार! पण दादाने पस्तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या होत्या. त्याने एका नजरेत वाचलं. परत एकदा वाचलं. कागदाची बारीक घडी घातली आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली.

त्यात काय होतं ते मला आजही माहीत नाही, आणि मी विचारणारही नाही. एवढंच माहीत आहे की वहिनीच्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं त्याच दुपारी गेली.

चिटणीस बिचारे अडचणीत सापडले होते. लेखणी हातात, नोंदवही समोर. त्यांनी घसा साफ केला. "अध्यक्षसाहेब, उपदेशाच्या रकान्यात... म्हणजे, उपदेश झाला नाही असं लिहू ना?"

दादाने नाक पुसलं. पाठीचा कणा ताठ झाला. मी तो ताठ होताना लहानपणापासून पाहिला आहे, पण आमच्या बाजूने पहिल्यांदाच.

"झाला असं लिही."

"कुणी दिला?"

"पाळकांनी. स्वतः. सगळ्यांच्या देखत दिला, तू झोपला होतास का?"

"आणि विषय?"

"वॉर्ड चार," दादा म्हणाला.

भोंग्याने मध्ये तोंड घातलं. "पण साहेब, वरच्या कार्यालयाने विचारलं तर? एक शब्दही न बोलता उपदेश? कलमात बसेल का हे?"

"नाही बसलं तर कलम बदलायचं," दादा म्हणाला. "आणि कुणाला शंका असेल तर त्यांना कळवा, मंगळवारी सकाळी दहाला धुलाईघरात या. एक टोक धरायला तिथे नेहमीच माणूस कमी असतो." मग चिटणिसांकडे वळून, "पुढच्या रविवारीही उपदेश पाळकच देतील असं आत्ताच लिहून ठेव."

"पुढच्या रविवारचं आधी लिहिता येत नाही साहेब, तुमचाच नियम—"

"लिही म्हणतो ना!"

चिटणिसांनी लिहिलं. मी उठले, दादाच्या काखेतून कापड घेतलं, उलगडलं आणि टेबलावर परत पसरलं. शिक्का वर, समोरच्या बाजूला, शेवटच्या रांगेतूनही दिसेल असा. फुलदाणी मी जमिनीवरच राहू दिली.

मंगळवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना दादा धुलाईघराच्या दारात हजर होता, बाह्या मोजून दोनदा दुमडलेल्या. घड्या अजूनही वाकड्याच घालतो. मी प्रत्येक वेळी त्या उलगडून त्याला परत घालायला लावते.